शिडावर संसार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नोकरी-धंदा आटोपता घेऊन लहान शिडाच्या होडीवर राहायचं आणि बंदरामागून बंदर करत फिरायचं, या विषयावर मागच्या अंकात लिहिलं होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून त्यावर बरीच पत्रं आली. समुद्र इथून घाटाखाली, तरी प्रश्न नेमके आहेत. निवडक पत्रांना इथं उत्तरं देत आहोत. एकच गोष्ट अनेकांनी विचारली असेल तिथं पत्रं एकत्र केली आहेत.

मी ५३ वर्षांचा, सहकारी बँकेत नोकरीला. स्वेच्छानिवृत्ती घेऊन, फ्लॅट विकून होडी घ्यावी आणि मी व सौ. दोघांनी निघावं असा विचार आहे. दोघांनाही समुद्राचा अनुभव नाही. सुरुवात कुठून करावी? (कराड)

फ्लॅट विकू नका, भाड्यानं द्या. जुन्या होडीला गिऱ्हाईक सहज मिळत नाही. वर्ष-दोन वर्षं ती नुसती उभी राहते, जागेचं भाडं चालू राहतं आणि किंमत उतरत जाते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर लहान शिडाची होडी समुद्रात न्यायची नसते. कोकणातल्या कोळ्यांच्याही होड्या तेव्हा शाकारलेल्या असतात. हे चार महिने, आणि दुखलं-खुपलं तर त्याआधीही, परतायला घर हवं.

पैशाचा ठोकताळा असा: होडीसाठी शंभर रुपये बाजूला काढले असतील तर सत्तरच्या पुढची होडी बघूच नका. उरलेले तीस तिला निघण्याजोगी करण्यात जातात. त्यानंतर दर वर्षी होडीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के देखभालीला धरा. नवी होडी घ्यायची असेल तर मौजेच्या नौकांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, तो हिशेबात घ्या. परदेशात होडी घेऊन तिकडेच ठेवायची झाली तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. पण त्यावर उगमातच कर कापला जातो, म्हणून आधी सी.ए.कडे बसून हिशेब करा.

आता क्रम. नोकरीत असतानाच एका हिवाळ्यात लहान डिंगी (एक-दोन माणसांची उघडी शिडाची होडी) चालवायला शिका. पुढच्या हिवाळ्यात मोठ्या होडीवरचं शिक्षण घ्या. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘कॉम्पिटंट क्रू’ आणि ‘डे स्किपर’ हे प्रत्येकी पाच दिवसांचे प्रात्यक्षिक अभ्यासक्रम जगभर ओळखले जातात. ‘डे स्किपर’साठी नकाशा, भरती-ओहोटी, दिवे आणि नियम यांचा अभ्यास वेगळा करावा लागतो. त्यानंतर आठवडाभर होडी भाड्यानं घेऊन दोघंच राहा. राजीनाम्याचा विचार तो आठवडा संपल्यावर करा.

आणि हे सगळं वहिनींनीही शिकायचं, तुमच्याइतकंच. तुम्ही पाण्यात पडलात तर इंजिन सुरू करणं, शीड उतरवणं, होडी वळवून तुमच्यापाशी आणणं आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर मदत मागणं ही चार कामं त्यांना एकटीनं करावी लागतील. एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं सोबत म्हणून बसायचं, या पद्धतीनं निघालेली जोडपी पहिल्याच मोसमात परत येतात. वादळ त्याचं कारण क्वचितच असतं. एकाला सारखी भीती वाटत राहते आणि दुसऱ्याला झोप मिळत नाही, हे खरं कारण.

आम्ही सातारकर. कोयनेच्या शिवसागर जलाशयात किंवा धोम, कण्हेरला शीड चालवायला शिकता येईल का? (सातारा, वाईहूनही हाच प्रश्न)

येईल, आणि शिकायला ही पाणी चांगली आहेत. परवानगी मात्र आधी. धरणाच्या पाण्यात स्वतःची होडी उतरवायला जलसंपदा विभागाची संमती लागते, आणि कोयनेला वनखात्याची हद्दही जवळ येते. इंजिनाची होडी असेल तर नोंदणी आणि तपासणी हवी. बामणोली, तापोळा, मुनावळे या बाजूला बोटिंग चालतंच. तिथल्या लोकांना पाण्याखाली बुडालेली झाडं, भिंती कुठं आहेत ते ठाऊक असतं. त्यांना विचारल्याशिवाय पाण्याची पातळी उतरलेली असताना जाऊ नका.

डिंगी १२ ते १४ फुटांची, दोन माणसांची पुरे. डोंगरांतल्या जलाशयात वारा सरळ येत नाही. खिंडीतून झोताझोतानं येतो आणि दिशा बदलतो. समोरच्या पाण्यावर काळसर, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकताना दिसला की झोत दहा-पंधरा सेकंदांवर आला असं समजा. त्या वेळी मुख्य शिडाचा दोर हातातच असावा, क्लीटमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत किंवा खुंटीला, अडकवलेला नसावा. शिकणाऱ्यांच्या डिंग्या उलटतात त्या बहुतेक या अडकवलेल्या दोरामुळं. झोत आला, दोर सुटला नाही, होडी कलंडली.

उलटलेली डिंगी सरळ करण्याचा सराव मुद्दाम करा. एकानं पाण्यातून सेंटरबोर्डवर (होडीच्या तळातून खाली उतरणाऱ्या फळीवर) वजन टाकायचं, दुसऱ्यानं आत तरंगत राहून होडी वर येताना तिच्याबरोबर आत यायचं. होडीचं नाक आधी वाऱ्याकडं करून घ्या, नाहीतर ती सरळ होते आणि शिडात वारा भरून लगेच पलीकडं उलटते. लाइफ जॅकेट दोघांच्याही अंगावर, पट्टे आवळलेले. पोहता येतं म्हणून जॅकेट बाजूला ठेवू नये. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटली, ते या जिल्ह्यांत कुणी विसरलेलं नाही.

धरणात टॅक (नाक वाऱ्यातून वळवणं), जाइब (पाठ वाऱ्यातून वळवणं), शीड आखडणं, पाण्यात पडलेला माणूस उचलणं एवढं पक्कं होतं. भरती-ओहोटी, लाटेची उसळी आणि खारं पाणी यांचा धडा तिथं मिळत नाही. तो आंबा घाट नाहीतर कुंभार्ली उतरल्यावरच.

जुनी फायबरची होडी घ्यायची आहे. किती फुटी घ्यावी? आणि पाहायला गेल्यावर नेमकं काय तपासावं? मी मेकॅनिकल डिप्लोमावाला आहे, हत्यारं हाताळता येतात. (मिरज)

दोघांना २६ ते ३० फूट पुरते. पाण्यात बुडणारा भाग १.२ ते १.५ मीटर असावा, म्हणजे कोकणातल्या खाड्यांत शिरता येतं. मोठी होडी जास्त सुरक्षित, असं लोकांना वाटतं. पण शीड, दोर, विंच (दोर ओढायची चरखी), नांगर, रंग, जागेचं भाडं हे सगळं लांबीपेक्षा झपाट्यानं वाढतं, आणि वारा वाढल्यावर शीड उतरवायला दोन माणसांची ताकद अपुरी पडते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती पहिलीच. त्यांची ‘सुहैली’ ३२ फुटी होती आणि ती मुंबईत, सागवानात बांधलेली होती. वेगाची अपेक्षा मात्र आटोक्यात ठेवा. पाण्याच्या रेषेवर २१ फूट लांबी असेल तर कमाल वेग सुमारे ६ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), सरासरी ४ ते ४.५. म्हणजे दिवसरात्र चाललात तर शंभर सागरी मैल.

तपासणीला जाताना प्लास्टिकच्या डोक्याची लहान हातोडी, टॉर्च, आरसा, स्क्रू-ड्रायव्हर, जुना सुती कपडा आणि काचेची बरणी घ्या.

डेकवर हातोडीनं हलके ठोके मारत चला. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक. भद्द आवाज येऊ लागला तर तिथं फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलं आहे. क्लीट, रेलिंगचे खांब आणि डोलकाठीचा पाया यांच्याभोवती हे जास्त सापडतं, कारण बोल्टची भोकं नीट बंद केलेली नसतात आणि पाणी वर्षानुवर्षं आत झिरपतं. तळहाताएवढा भाग असेल तर दुरुस्त होतो. डेकचा चौथा हिस्सा भद्द वाजत असेल तर ती होडी सोडा.

डोलकाठीला धरणाऱ्या तारा कपड्यानं पुसत जा, हात फिरवू नका. तुटलेला धागा कपडा ओढतो, हात लावला तर बोट फाडतो. तार जिथं खालच्या टोकाच्या नळीत शिरते तिथं गंजाची तांबूस रेघ किंवा केसासारखी चीर बघा. पाणी त्या नळीत उतरून साचतं, म्हणून वरच्यापेक्षा खालचं टोक आधी जातं. तारांचं वय सांगता येत नसेल तर सगळ्या बदलायच्या असं धरूनच किंमत ठरवा. आयुष्य साधारण १० ते १२ वर्षं. तारा ज्या पट्ट्यांना जोडतात त्या चेनप्लेट डेकमधून आत जातात. वर चकचकीत दिसणारी पट्टी डेकच्या जाडीत, हवा न मिळालेल्या ओलीत, आतून खाल्लेली असू शकते. स्टेनलेस स्टीलला टिकायला हवा लागते. मालकाच्या परवानगीनं एक तरी पट्टी काढून बघा. तो तयार नसेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

होडीच्या तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे व्हॉल्व्ह हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच बघायचा राहतो. प्रत्येक व्हॉल्व्ह हातानं पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा होतो का ते बघा. मग स्क्रू-ड्रायव्हरनं जरा खरवडा. ब्राँझ आतून पिवळसर-तपकिरी निघतो. गुलाबी निघाला तर ते साधं पितळ आहे, त्यातलं जस्त समुद्राच्या पाण्यानं खाल्लंय आणि उरलेलं तांबं बिस्किटासारखं मोडणार. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर दीड इंची भोक पडलं तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हपाशी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधलेली हवी आणि पाण्याखालच्या प्रत्येक नळीला दोन-दोन क्लॅम्प हवेत. किराणा दुकानाच्या थैलीएवढ्या जागेत बसणारं हे सामान पूर्ण होडी वाचवतं.

इंजिनाची तपासणी थंड असताना. पोचल्याबरोबर ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर मालकानं आधीच सुरू करून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी परत जा. तेल काठीवर दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. सुरू झाल्यावर धुरांड्यातून पाण्याच्या पिचकाऱ्या यायलाच हव्यात. धूर निळा असेल तर तेल जळतंय. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा पाण्याखालच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) शिंपले साचून भार वाढलाय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. मग टाकीच्या तळातलं डिझेल बरणीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली पाणी आणि मधे काळपट शेवाळासारखा थर दिसला तर टाकी उघडून धुवावी लागेल. हा गाळ शांत बंदरात खाली बसून राहतो आणि नेमका लाटा उसळू लागल्या की ढवळून फिल्टर बंद करतो. म्हणूनच इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडतं, धक्क्याला बांधलेलं असताना पडत नाही.

कूलिंग पंपाचं रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) तुम्ही स्वतः बदलायला शिका, दोन-तीन सोबत ठेवा. जुन्याची एखादी पात तुटलेली असेल तर तिचा तुकडा शोधून काढल्याशिवाय झाकण लावू नका. तो पुढं नळीत अडकून इंजिन तापवत राहतो.

शेवटी होडी क्रेननं उचलून खालून बघा. कीलच्या (तळाखालच्या वजनदार पात्याच्या) पुढच्या आणि मागच्या टोकाशी आडवी चीर असेल तर ती कधीतरी खडकावर आपटलेली आहे. आत जाऊन त्याच जागेचे कीलचे बोल्ट आणि आडव्या फासळ्या सुटल्या आहेत का ते बघा. एवढं करूनही पैसे देण्याआधी स्वतंत्र सर्व्हेअर लावा, आणि तो विकणाऱ्यानं किंवा दलालानं सुचवलेला नको.

सोलर किती वॅटचं लागेल? फ्रीज चालेल का? (पलूस)

हिशेब अँपियर-अवरमध्ये (बॅटरीतल्या विजेचं माप) करा, १२ व्होल्टवर. नांगर टाकून उभे असाल तर दिवसाला: लहान फ्रीज ४५, एलईडी दिवे ६, रात्रभर नांगरदिवा ३, दोन पंखे ७, मोबाइल-टॅबलेट ८, पाण्याचा पंप २, रेडिओ ५. एकूण ७६. समुद्रात चालताना यात वीजेचं ऑटोपायलट ४५ च्या आसपास, उपकरणं १२ आणि डोलकाठीवरचा दिवा ३ मिळवा, म्हणजे १३६.

शंभर वॅटच्या पॅनेलमधून होडीवर दिवसाला २५ ते ३० अँपियर-अवर निघतात. म्हणून ३०० वॅटवर नांगरावरचा संसार जेमतेम भागतो, चालताना तूट येते. ती वाऱ्याच्या पंखानं सुकाणू धरणारं विंडव्हेन बसवून भरा. त्याला वीज लागत नाही. फ्रीज सोडलात तर नांगरावर रोजची गरज ३१ वर येते आणि निम्मं सोलर पुरतं. आमचं स्पष्ट मत: पहिलं वर्ष फ्रीजशिवाय काढा.

शिसं-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची, त्याहून खाली नेलीत तर ती लवकर मरते. लिथियम फॉस्फेटमधून ८० टक्के काढता येते. पण ती इंजिनाच्या अल्टरनेटरला थेट जोडू नका. लिथियम पूर्ण प्रवाह ओढत राहते आणि अल्टरनेटर तापून जळतो. मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवा. पॅनेलवर एका दोराची सावली पडली तरी उत्पादन कोसळतं, म्हणून प्रत्येक पॅनेलला वेगळा चार्ज कंट्रोलर असलेला बरा. वायर कल्हई केलेली, समुद्री कामाची घ्या. गाडीची साधी तांब्याची वायर वर्षभरात आवरणाच्या आत काळी पडते आणि मग दिवा का मंद आहे ते समजत नाही.

महिनाभराचं पाणी आणि जेवणाचं सामान कसं बसवायचं? गॅसची भीती वाटते. (तासगाव)

ताई, पाणी माणशी दिवसाला चार लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून. दोघांचं तीस दिवसांचं २४० लिटर होतं. ते एकाच टाकीत ठेवू नका. एक टाकी फुटली किंवा खराब झाली तर निम्मं तरी उरावं, म्हणून काही पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटची विसळण गोड्या पाण्यात करा. भातात एक तृतीयांश समुद्राचं पाणी घातलं तर मीठ घालावं लागत नाही. पण हे किनाऱ्यापासून दूर गेल्यावरच, खाडीत किंवा बंदरात नाही.

सामानाच्या बाबतीत तुमचा तालुका नशीबवान. बेदाणे, हळद, गूळ, शेंगदाणे, भडंग, मेतकूट, कुरडया, सांडगे, लोणचं हे सगळं फ्रीजशिवाय टिकतं. मुख्य शत्रू दमट हवा. डाळी-पिठं घरूनच उन्हात खडखडीत वाळवून, अर्ध्या किलोच्या पिशव्यांत बांधून, रुंद तोंडाच्या हवाबंद बरण्यांत भरा. एक पिशवी फुटली तर सगळं जात नाही. पुठ्ठ्याची खोकी होडीवर आणू नका, त्यांच्या पन्हळीत झुरळांची अंडी येतात. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळीत टांगा. लाटांत रोजची भाकरी थापणं जमत नाही, त्या दिवसांसाठी दशम्या आणि सातूचं पीठ. कुकर दोन लिटरचा, झाकण आवळलेला असल्यामुळं होडी कलली तरी आमटी अंगावर येत नाही आणि गॅसही वाचतो.

गॅसची भीती योग्यच आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर घरासारखा खिडकीतून जात नाही, होडीच्या तळात साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर डेकवरच्या बंद कप्प्यात ठेवायचा, ज्याच्या तळातून थेट बाहेर, पाण्याच्या वर उघडणारी नळी आहे. प्रत्येक स्वयंपाकानंतर आधी सिलिंडरची कळ बंद, ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीची कळ. म्हणजे नळीत गॅस उरत नाही. पाच किलोचा सिलिंडर दोघांना तीन-चार आठवडे जातो.

सॅटेलाइट फोन घेऊन ठेवला तर घरी संपर्क राहील. परदेशातून मागवू का? कागदपत्रं कोणती? (वाई)

मागवू नका. भारतात थुराया आणि इरिडियमचे फोन परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी गिर्यारोहकांची उपकरणंही त्यातच येतात आणि त्यावरून अटका झालेल्या आहेत. कायदेशीर मार्ग बीएसएनएलच्या परवान्याचा.

आणीबाणीसाठी ईपर्ब घ्या. ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाकडं तुमची जागा कळवतं. घेतल्यावर होडीच्या नावावर नोंदवणं विसरू नका. तटरक्षक दलाचा मोफत क्रमांक १५५४. ईपर्ब दाबलं की मदत लगेच येते असं मात्र धरू नका. २०१८ मध्ये भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी एकट्यानं शिडाची होडी चालवत असताना हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात डोलकाठी मोडून, पाठीला जबर मार लागून पडले ते २१ सप्टेंबरला. फ्रेंच गस्तीजहाज ‘ओसिरिस’ त्यांच्यापर्यंत पोचलं २४ ला. तीन दिवस स्वतःला सांभाळता येईल एवढं औषध आणि हाताच्या टप्प्यातलं पाणी होडीवर असावं.

होडीची नोंदणी, विमा, रेडिओचा परवाना, दोघांची ओळखपत्रं यांच्या छायाप्रती जलरोधक पाकिटात ठेवा. २६/११ चे हल्लेखोर मासेमारी नौका बळकावून आले होते, तेव्हापासून अनोळखी होडीची चौकशी होते आणि व्हायलाच हवी. प्रत्येक बंदरात पोचल्यावर मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात स्वतःहून जा. देशाबाहेर जाताना मुंबई, मुरगाव, कोची यांसारख्या, इमिग्रेशनची सोय असलेल्या बंदरातूनच निघायचं. कस्टम्सचा निर्गमन दाखला आणि पासपोर्टवर शिक्का नसेल तर पुढचं बंदर तुम्हाला उतरू देणार नाही. व्हिसाची चौकशी करताना ‘विमानानं नाही, स्वतःच्या होडीनं येतोय’ असं स्पष्ट लिहून विचारा. विमानतळावरच्या सवलती बंदरात लागू असतीलच असं नाही.

पहिली सफर रत्नागिरी ते गोवा करायची आहे. कोणता महिना, किती टप्पे? रात्री नांगर टिकेल का याची धास्ती आहे. (विटा)

डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे-जून हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. २०२० चं निसर्ग ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१ चं तौक्ते मे महिन्यात कोकणाला घासत गेलं.

रत्नागिरी ते विजयदुर्ग सुमारे २७ सागरी मैल, पुढं देवगड १२, मालवण २०, वेंगुर्ला १३, तिथून गोव्यातलं आग्वाद २५ च्या आसपास. विजयदुर्ग आणि देवगडला आसरा उत्तम. मालवणला खडक फार, उजेडात आणि स्थानिक तांडेलाला (मासेमारी होडीच्या प्रमुखाला) विचारूनच शिरा. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, नऊ-दहानंतर पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, १० ते १८ नॉट, आणि सूर्यास्तानंतर ओसरतो. गोव्याकडं जाताना तो मागून-बाजूनं मिळतो. परतीला तोच तोंडावर येतो, म्हणून उत्तरेकडं जाताना पहाटे तीन-चारला निघून दुपारच्या आत मुक्कामी पोचायचं. वाळूचा उंचवटा असलेल्या खाडीच्या तोंडातून नेहमी भरती चढत असताना शिरा. टेकलात तर पाणी वाढून सुटका होते. ओहोटीत टेकलात तर होडी कुशीवर पडते. रात्री मासेमारीची जाळी दिसत नाहीत. पंख्यात जाळं गेलं की इंजिन तत्काळ बंद, रिव्हर्स टाकू नका, गुंता आणखी आवळतो.

नांगराचं गणित: ओहोटीची खोली ५ मीटर, भरतीनं वाढणारं पाणी २.५, पाण्यापासून होडीच्या नाकाची उंची १. बेरीज ८.५. साखळी असेल तर याच्या पाचपट, म्हणजे ४३ मीटर सोडा. साखळी थोडी आणि बाकी दोर असेल तर सातपट. नांगर घसरतो तो बहुतेक वेळा कमी साखळीमुळं, वजन कमी म्हणून क्वचित. ओढ वरच्या दिशेनं लागली की नांगराचं टोक चिखलातून उचलतं. साखळी सोडून झाल्यावर इंजिन हळूहळू मागं घेऊन अर्धा मिनिट ताणून धरा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, समजा माड आणि त्यामागचा मंदिराचा कळस, एका रेषेत धरून ठेवा. रेष फाकत गेली तर नांगर घसरतोय. पुन्हा उचला आणि पुन्हा टाका, अंधार पडायच्या आत.

मला घाटात एसटी लागते. मग होडी विसरायची का? (कोरेगाव)

नाही. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. डोळे क्षितिजावर, जागा मधोमध आणि उघड्यावर, सुकाणू हातात. पोट रिकामं ठेवू नका. एसटीची गोळी चालते, पण तिनं गुंगी येते, म्हणून डॉक्टरांना विचारून आधी घरी घेऊन बघा. पहाऱ्यावर असणाऱ्यानं गुंगीची गोळी घेऊ नये. उलटीला आलेला माणूस कठड्यावरून वाकतो आणि तिथूनच पाण्यात जातो, त्यामुळं बादली आत द्या आणि कमरेचा पट्टा अडकवलेला ठेवा.

मी निवृत्त शिक्षिका, मिस्टर पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पेन्शनचं आणि घरच्या कामांचं मागं कोण बघणार? सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. (सांगली)

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवर जीवन प्रमाणमधून, चेहरा दाखवून देता येतो. तो महिना किनाऱ्याजवळ, नेटवर्कमध्ये काढा. मुलगा, भाऊ किंवा विश्वासू भाचा यांपैकी एकाच्या नावानं मर्यादित कुलमुखत्यारपत्र करा: भाडं, वीजबिल, घरपट्टी, बँकेचं कागदी काम एवढ्यापुरतं. विक्रीचा अधिकार त्यात नको. बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर होडीवर चालू राहील असाच ठेवा, ओटीपीसाठी. आरोग्यविम्याच्या हप्त्याची तारीख सप्टेंबरात, घरी असताना येईल अशी जुळवून घ्या.

सासूबाईंसाठी आमचा सल्ला: सध्या लांबचं ठरवूच नका. होडी रत्नागिरीला ठेवा, डिसेंबर ते मार्च दोन-दोन आठवडे जाऊन या, आणि त्या काळात त्यांच्याजवळ राहणाऱ्या माणसाचं नक्की करून मगच निघा. निरोप आला तर विजयदुर्ग किंवा देवगडहून गगनबावड्याच्या घाटानं त्याच दिवशी सांगलीला पोचता येतं. होडी मात्र दोन नांगरांवर आणि ओळखीच्या खलाशाच्या देखरेखीखाली सोडायची, त्याचा नंबर आणि रोजचा मोबदला आधीच ठरवून.